केळीच्या गाभ्याचं लाप

थोंगयूनने दोन्ही हातांत दोन सुरे घेतले आणि चिंचेच्या लाकडाच्या ठोकळ्यावर केळीचा गाभा ठोकायला सुरुवात केली. धाडधाड, धाडधाड. अंगणातल्या कोंबड्या पांगल्या. तिची नजर मात्र कुंपणापलीकडच्या निळ्या दारावर होती. दार बंद होतं.

ते दार तिच्या थोरल्या भावाचं, बुनलायचं. दुपारी बारा वाजता त्याची मुलगी गाडी घेऊन येणार होती आणि त्याला कायमचा रायोंगला घेऊन जाणार होती, समुद्राकाठी. आणि हा बाबा दोन वर्षं सख्ख्या बहिणीशी बोलला नव्हता. कारण काय, तर साखर! आईच्या नावाने भिक्खूंना जेवण घातलं, त्या दिवशी लाप बुनलायने केलं होतं. त्याच्या हातच्या त्या तिखट-आंबट खिम्यासाठी लोक शेजारच्या गावातून यायचे. आपल्या बँगकॉकच्या सुनेला तिखट लागेल म्हणून थोंगयूनने, त्याची पाठ वळल्याबरोबर, त्यात दोन चमचे साखर ढकलली. ईशान्य थायलंडातल्या, ईसानच्या माणसाच्या लापमध्ये साखर! बुनलायने एक घास घेतला, पाहुण्यांसमोर भाताची टोपली बाजूला सारली आणि उठून गेला. तो गेलाच.

आता हिने जाऊन बोलवायचं? जीव गेला तरी नाही. चूक आपली, हे तिला कबूल होतं, पण मनातल्या मनात.

लापची गोष्ट मात्र वेगळी. सुऱ्यांचा आवाज झाला की गल्लीत आमंत्रण द्यावं लागत नाही. ज्याला ऐकू येईल त्याने चिकट भाताची टोपली उचलायची आणि यायचं. घरात बसून राहील तो शिष्ट. म्हणजे बोलवायचंही नाही, आणि दादाला यावं तर लागेलच.

एवढा डाव रचून बाई सकाळी बाजारात गेली, तर मांसवाल्यांच्या फळ्या धुऊन उलट्या घातलेल्या. पौर्णिमा! आज जनावर कोण कापणार? पहाटे स्वतः भिक्खूंच्या पात्रात भात वाढून आलेली बाई ही, आणि तिला हे आठवू नये? कपाळावर हात मारत ती घरी आली. तेवढ्यात परसातली केळ दिसली. गाभा ओला, मऊ. ठोकला की मांसासारखाच वाजतो, असं निदान तिला तरी वाटलं. दादा एकदा अंगणात येऊ दे, पुढचं पुढे बघू.

पण आली आधी शेजारची लमयाई. काखेत टोपली, हातात पुदिन्याची जुडी.

"काय गं ताई, पौर्णिमेला लाप?"

"कालचं मांस आहे. बर्फात ठेवलं होतं," थोंगयूनने ठोकळा पाठीआड घेऊन सांगितलं.

"असं होय? चालू दे, चालू दे." लमयाईने चटई पसरली.

मागोमाग मास्तर आले, लिंबं घेऊन. मास्तरीणबाई भाजलेल्या तांदळाची पूड घेऊन आल्या. मग विजेच्या दुकानवाला, त्याची आई, आणखी दोघं. बघता बघता चटई भरली आणि थोंगयूनला घाम फुटला. खायला सात माणसं आणि ठोकळ्यावर केळ! ती सगळ्यांकडे पाठ करून बसली आणि हात जोरात चालवू लागली.

"अजून किती वेळ?" मास्तरांनी विचारलं.

"चिवट आहे मेलं."

"म्हातारी म्हैस असणार," मास्तर म्हणाले. मास्तरीणबाईंना एकदम खोकला आला.

साडेअकरा झाले. निळं दार काही उघडेना. थोंगयूनचे खांदे भरून आले आणि डोळेही. "नको येऊस, जा," ती पुटपुटली, "माझं काही अडलं नाही तुझ्यावाचून." आणि तिने असा काही सुरा हाणला की गाभ्याचा तुकडा उडून थेट मास्तरांच्या मांडीवर पडला. मास्तरांनी तो शांतपणे उचलून कोंबडीला टाकला.

तेवढ्यात परसाच्या बाजूने कुणीतरी खाकरलं.

बुनलाय. तो मागच्या वाटेने आला होता, हातात स्टीलचा डबा. तो ठोकळ्यासमोर उकिडवा बसला. सगळा गाभा त्याने हाताने खाली लोटला आणि डबा उघडून लालबुंद मांसाचा गोळा ठोकळ्यावर ठेवला.

"सरक," तो म्हणाला. "तुला कधी ठोकता आलंय?"

दोन वर्षांनंतरचं हे पहिलं वाक्य. थोंगयून सरकली. तिला हसू की रडू तेच कळेना.

"हे कुठून आणलंस? आज पौर्णिमा आहे."

"काल आणलं. कालपासून तुझ्या सुऱ्यांची वाट बघतोय."

"म्हणजे... केळ आहे ते तुला कळलं होतं?"

"त्याला काय विचारतेस ताई," लमयाईला हसू आवरेना, "पहिल्या ठोक्यालाच अख्ख्या गल्लीला कळलं. आम्ही काय बहिरे आहोत?"

"मग मेल्यांनो, टोपल्या घेऊन आलात कशाला?"

सगळे बुनलायकडे बघू लागले. मान खाली घालून तो सुरे दुप्पट वेगाने चालवायला लागला. शेवटी लमयाईच बोलली.

"दादा मघाशी मागच्या दारांनी घरोघर फिरला. म्हणाला, तुम्ही आधी जाऊन बसा, मला एकट्याला जायची लाज वाटते."