संकोचाचा आदर

"प्रश्न तुमच्या पात्रतेचा नाहीच," संचालक म्हणाले. "प्रश्न दात्यांचा आहे. तुम्ही समोर आलात की ते अवघडतात."

ती उभीच होती. विद्यापीठाच्या निधी विभागात ती अकरा वर्षे पत्रे लिहीत होती आणि ज्येष्ठ संपर्क अधिकाऱ्याच्या जागेसाठी तिने तिसऱ्यांदा अर्ज केला होता. त्या जागेवरचा माणूस दात्यांच्या समोर बसतो, त्यांच्याशी बोलतो, विद्यापीठाचा चेहरा होतो. तिच्या वाट्याला चेहरा नव्हता, मजकूर होता. त्याखाली सही दुसऱ्याची होई. या खेपेस ती जागा आठ महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या एका सुस्वरूप गृहस्थांना मिळाली. ते कुलसचिवांचे भाचे होते. निवड समितीने हा योगायोग असल्याचे नमूद केले होते.

"दात्यांना कसं, आपल्यातलं माणूस लागतं," संचालक कळवळून म्हणाले. "मला स्वतःला हे मुळीच पटत नाही. पण करणार काय? तुम्हीही पाहिलंच असेल."

अवघडणे हे मोठे सोयीचे क्रियापद आहे. त्याला कर्म लागत नाही. कर्ता लागतो, आणि तो नेहमी खोलीबाहेरचा दाखवता येतो.

पण तिने पाहिले होते, हीच तर गोम होती. ती जिन्यात दिसली की दाते बोलता बोलता थांबत. लिफ्टमध्ये ते छताकडे पाहत. वार्षिक मेळाव्यात ती दारातून आत आली की पहिल्या रांगेतल्या माना एकजात दुसरीकडे वळत. तिच्या बापाने याच इमारतीमागच्या धुलाईघरात तीस वर्षे वसतिगृहाच्या चादरी धुतल्या होत्या. वळलेल्या मानेचा अर्थ तिला कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नाही. बाप म्हणायचा, "त्यांनी नाही बघितलं तर आपणही नाही बघायचं. हिशेब मिटला." तिचा मात्र कधी मिटला नव्हता.

"आणि हो," संचालकांना आठवले, "वार्षिक अहवालात समावेशनावर, सगळ्यांना सामावून घेण्यावर, एक पान हवंय. तुमच्याइतकं मनापासून दुसरं कोण लिहिणार?"

"कधीपर्यंत?"

"सोमवार."

तिने वहीत 'सोमवार' लिहिले.

चार वाजता खाली मेळावा सुरू झाला. रिवाजाप्रमाणे ती मागच्या खोलीत पाहुण्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या लावत बसली. पाच मिनिटांत फोन वाजला. नवे ज्येष्ठ अधिकारी कुजबुजत होते.

"ताई, माझ्या भाषणाचं दुसरं पान कुठाय?"

"पहिल्याला टाचलं होतं."

"टाचणी काढली हो मी. हातात छान दिसत नव्हतं. आता मी 'आणि म्हणूनच' असं म्हणणार आणि उभाच राहणार! या ना घेऊन, प्लीज."

तिने दुसऱ्या पानाची नवी प्रत काढली आणि ती बाजूच्या दाराने सभागृहात शिरली. माना वळल्या. सर्वांत जवळ फरश्यांच्या कारखान्याच्या वृद्ध मालकीणबाई बसल्या होत्या. त्यांच्या गुडघ्याचे ऑपरेशन, धाकट्या बहिणीचा मृत्यू, नातीचे लग्न, या सगळ्या प्रसंगी तिने त्यांना पत्रे लिहिली होती. त्या समोरच्या कोऱ्या भिंतीकडे अशा एकाग्रतेने पाहत होत्या, जणू तिथे शिलालेख होता.

एरवी ती पुढे गेली असती. आज पाय थांबले.

"आजी, भिंतीवर काही नाही," ती म्हणाली. "माझ्याकडे बघायलाही इतका त्रास होतो का?"

म्हातारी दचकली. "अगं बाई! तुम्ही बोलता?"

"बोलते. अकरा वर्षं लिहितेही. तुमची बहीण गेली तेव्हा आलेलं पत्र माझं होतं."

"ते पत्र तुमचं?" म्हातारीने तिचा हात घट्ट धरला आणि दुसऱ्याच क्षणी चटका बसल्यासारखा सोडला. "चुकलं हो, चुकलं. हात लावायचा नाही ना? तुम्हाला सोसत नाही म्हणे."

"मला काय सोसत नाही?"

म्हातारीने पर्स उघडून एक कार्ड काढले. निमंत्रणासोबत ते दरवर्षी प्रत्येक दात्याला जाई. विभागातला हा एकच मजकूर तिच्या हातून जात नसे. तो थेट संचालकांच्या टेबलावरून, पाकीट बंद होऊन निघे. गाडी कुठे लावावी. फोन बंद ठेवावा. प्रसाधनगृह कुठे आहे. चौथी सूचना अशी होती:

'पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या आमच्या सहकारी अत्यंत संकोची आहेत. समावेशन धोरणान्वये त्यांच्या संकोचाचा आदर राखावा. त्यांच्याकडे पाहू नये, त्यांच्याशी बोलू नये, स्पर्श टाळावा.'

तिने ते दोनदा वाचले. व्याकरण निर्दोष होते.

"आजी," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "दात्यांसमोर बसायची जागा मला आज तिसऱ्यांदा नाकारली. मी समोर आले की तुम्ही अवघडता म्हणून."

"कोण, आम्ही?"

शेजारच्या खुर्च्यांवरच्या माना आता एकेक करून सरळ होत होत्या. संचालक व्यासपीठावरून लगबगीने खाली येत होते. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होते, आणि हाताने ते 'नंतर, नंतर' अशी खूण करत होते. म्हातारी काठी टेकून उठली.

"थांबा तिथेच!" ती अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "ही अवघडत नाही, आम्ही अवघडत नाही. मग अकरा वर्षं आम्ही माना वळवल्या, त्या कुणासाठी?"