निधनवार्ता

"आज कोण गेलं?" शिवय्यानं बशीतला चहा फुंकत विचारलं.

शांतव्वानं पेपर उन्हाकडं धरला. निधनाच्या बातम्या आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात असत. ती वाचता वाचता थांबली.

"काय झालं? वाच की."

"गणपतराव," ती म्हणाली. "झोपेतच गेले म्हनं."

शिवय्यानं बशी चाचपडत खाली ठेवली. थोड्या वेळानं त्याचं डोकं तिच्या मांडीवर आलं आणि खांदे हलू लागले. शांतव्वा त्याच्या विरळ केसांतून हात फिरवत राहिली. तिनं चहा पुन्हा गरम करून आणला, बशी स्वतःच्या हातानं त्याच्या ओठाला लावली.

काचबिंदूनं दोन्ही डोळे गेल्यापासून त्यांची सकाळ अशीच उजाडायची. साखर कारखान्यातून रिटायर झाल्यावर शिवय्यानं गावाबाहेर मळ्यात दोन खोल्या बांधल्या होत्या. लेक बेळगावला दिली होती. मळ्यात ही दोघंच. दुधाच्या गाडीबरोबर पेपर यायचा. तो वाचून झाला की ती त्याला कालवडीच्या पाठीवरून हात फिरवायला न्यायची. मोगऱ्याला किती कळ्या आल्या ते सांगायची. दुपारी रेडिओ, संध्याकाळी अंगणात शेंगा फोडत गप्पा. गावातल्या बायका म्हणायच्या, नवऱ्याला जपावं तर शांतव्वानं.

नोकरीत असताना मात्र शिवय्या घरचा नव्हताच. पाळी सुटली की तो, गणपतराव, गुंडू आणि मलगोंडा. पत्ते, भेळ, सुट्टीला पन्हाळा. ती ताट झाकून बसायची. कधी विचारलंच तर म्हणायचा, "तुला काय करायचंय? तू घर बघ." रिटायर झाल्यावरही तो सकाळची एसटी धरून कोल्हापूर गाठायचा आणि दिवेलागणीला परतायचा. डोळे गेले तेव्हा ते तिघं मळ्यावर येऊ लागले. बाहेर हसण्याचा गलका आणि आत चुलीपाशी चहा गाळणारी ती.

मग उन्हाळ्यात गुंडू गेला. तिनं ती बातमी वाचली आणि शिवय्या लहान पोरासारखा तिच्या कुशीत शिरला. उभ्या संसारात असं पहिल्यांदाच घडलं होतं. "शांते, आता तूच गं मला," तो म्हणाला. त्या दिवशी तो तिच्या हातून जेवला.

ते तिघं गुंडूच्याच गाडीतून यायचे; त्याच्यामागं बाकी दोघांचं मळ्यावर येणं थांबलं. श्रावणात मलगोंडा गेला. आणि आता, दिवाळी सरल्यावर, गणपतराव.

त्यानंतर शिवय्या कुठं जायचं नाव काढीना. फोन तिच्याकडंच असायचा, तोही वाजेनासा झाला. दिवसभर तो तिच्या आवाजाच्या मागं मान फिरवत बसायचा. शांतव्वाच्या अंगावर जरा मूठभर मांस चढलं.

माघातल्या एका दुपारी ती पुढच्या सोप्यात तांदूळ निवडत होती. शिवय्या परसात उन्हाला बाजेवर बसला होता. मळ्याकडं येणाऱ्या पाणंदीतून एक म्हातारा धापा टाकत आला. हातात द्राक्षांची पिशवी होती.

"वैनी! वळखलासा का न्हाय?"

सूप तिच्या हातातच राहिलं. दारात गणपतराव उभे होते.

"फोन लागंना झालाय तुमचा. मलगोंडाबी तेच म्हनतोय. म्हटलं, आपनच जाऊन यावं. कुठं हाय आमचा शिवा?"

शांतव्वा पटकन उठून दारात आली.

"लेकीनं नेलंय त्यास्नी, बेळगावला," ती हलक्या आवाजात म्हणाली.

"मग पत्ता द्या. तिकडं जातो."

"जाऊन काय करनार? त्यांना आता मानसाची वळख ऱ्हाईली न्हाय. पोटच्या लेकीला वळखत न्हाईत."

गणपतरावांचं तोंड उघडंच राहिलं. ते पायरीवर टेकले. तिनं पाणी दिलं, तेही त्यांना संपवता आलं नाही. उपरण्यानं डोळे पुसून त्यांनी पिशवी तिच्यापुढं ठेवली. "तुम्हीच खावा वैनी," म्हणाले आणि पाणंदीला लागले.

ती पाठीमागं गेली. शिवय्या बाजेवर ताठ बसला होता. तोंड पुढच्या दाराकडं. गणपतरावांचा आवाज कारखान्यातल्या यंत्राच्या घरघरीतही ऐकू जायचा. दोन खोल्यांची भिंत ती काय अडवणार?

ओरडण्यासाठी त्यानं छाती भरून श्वास घेतला.

शांतव्वा त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिचा आवाज अजिबात चढला नाही.

"मारा की हाक. अजून पाणंदीतच असतील. येतील माघारी. मग उद्यापास्नं जेवान, अंघोळ, परसाकडं, समदं त्यांच्याच हातनं करून घ्या. मी जातो लेकीकडं."

पाणंदीत कुठंतरी कुत्रं भुंकलं. भुंकणं हळूहळू लांब गेलं. शिवय्यानं भरून घेतलेला श्वास तसाच सोडून दिला. मग त्यानं हवेत हात पुढं केला, आणि तिनं तो धरेपर्यंत तसाच धरून ठेवला.

"मेलेल्या मानसाला कोन हाक मारतंय?" तो म्हणाला. "चल, मला आत ने."