इंद्रभानच्या नावानं

सोजराबाई कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढून आत आली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "साहेब."

कॉम्प्युटरवर बसलेल्या इंद्रभाननं मागं वळून पाहिलं. मागं भिंत होती.

"मावशी, कालपर्यंत तं इंद्या म्हनत होती."

"काल तू साहेब नव्हता."

तिच्या एका हातात मिरच्यांची पिशवी होती, दुसऱ्या हातात नोटीस. नोटिशीत लिहिलं होतं की सोजराबाईची पहिल्या तारखेपासून सूतगिरणीला गरज नाही. हे बारीक इंग्रजीत होतं. वरच्या पानावर मात्र एकच शब्द होता, वीतभर उंच अक्षरांत : इंद्रभान. तिला दोन्ही वाचता येत नव्हतं. गेटवरच्या उत्तमरावानं वाचून दाखवलं होतं, आणि ज्याच्या त्याच्या हातात हेच नाव होतं.

नोटिसा मॅनेजर महादेवरावांनी जुन्या कॉम्प्युटरवर बाहेरच्या माणसाकडून तयार करवून घेतल्या होत्या. छापायच्या वेळी त्याचा प्रिंटर बसला. मग छपाईच्या रांगेत अडकलेलं सगळं इंद्रभाननं तारेवरून नव्या कॉम्प्युटरकडे पाठवलं. नवा कॉम्प्युटर फ्रिजएवढा होता, कुंकू लावलेला. त्यानं सगळं निमूट घेतलं, फक्त पाठवणाऱ्यालाच मालक समजला आणि प्रत्येक नोटिशीआधी मालकाच्या नावाचं एक पान छापलं. शिपायाला ती मोठ्या साहेबाची सही वाटली. त्यानं पानं तशीच वाटली. खाली महादेवरावांच्या सहीची जागा कोरी राहिली, पण तिची आठवण कोणालाच झाली नाही. महादेवरावांनाही नाही.

सकाळी इंद्रभान त्यांच्याकडे गेला होता. "साहेब, लोक मले धरून राह्यले. सायकलची हवा तं रोजच जाते, आज सीट गेली."

"धरू दे ना बे," महादेवराव म्हणाले. त्यांच्या दाराशी आज कोणी नव्हतं. त्यांनी निवांत चहा घेतला आणि मीटिंगसाठी बुलढाण्याला निघून गेले.

शिव्या देणारे गेटवर थांबत. विनवणारे आत येत. टेबलावर भोपळे जमले होते. इंद्रभाननं एक भोपळा परत केला, तर आणणारा दोन घेऊन आला.

"मावशी, म्या कोनाले काढलं नाही. म्या फक्त इकडून तिकडं पाठवलं."

"तेच तं म्हन्ते. मंग तिकडून इकडं पाठव ना."

इंद्रभान क्षणभर खरंच विचारात पडला. मग म्हणाला, "एकदा छापलं का परत येत नाही."

"काऊन येत नाही?"

प्रिंटरचा कागद संपला होता, म्हणून तो उठून नवा गठ्ठा लावायला लागला. रांगेत एक काम उरलं होतं. रांगेत कामांना नुसते आकडे असतात, नावं नसतात.

प्रिंटर कर्रकर्र करत सुरू झाला. आधी नेहमीप्रमाणे मोठं नाव आलं. मग बारीक अक्षरं आली. इंद्रभाननं कागद फाडून घेतला, वाचला, आणि प्रिंटर थांबला तरी तो वाचतच राहिला. नव्या मशीनमुळे ऑफिसातलं काम कमी झालं होतं, असं त्यात होतं. बाहेर कोणीतरी त्याच्या आईचं नाव घेऊन ओरडत होतं.

"कोनाची हाय?" सोजराबाईनं विचारलं.

"माही."

"तुही? मंग हे वरचं नाव कोनाचं?"

"तेबी माहंच."

सोजराबाईनं कागद हातात घेतला. वरचं मोठं नाव पाहिलं. इंद्रभाननं बोट ठेवून दाखवलेलं आतलं बारीक नाव पाहिलं. तिला अक्षर येत नव्हतं, पण लहान-मोठं कळत होतं. इंद्रभान खुर्चीत बसला होता.

तिनं मिरच्यांची पिशवी भोपळ्यांशेजारी ठेवली. स्वतःची नोटीस घडी करून कमरेला खोचली. मग पदर डोक्यावर घेतला आणि त्याच्यापुढं हात जोडले.

"साहेब," ती म्हणाली, "इंद्याले तं ठेवा. पोरगं वाईट नाही."