पहिली निवड कॅप्टनची

विमान वर जाऊन सरळ झालं, हे कॅप्टनला इंजिनाच्या आवाजावरून कळलं. पट्ट्याचा दिवा आता विझेल, असं त्याच्या मनात आलं आणि दिवा विझला. आजूबाजूला फटाफट पट्टे सुटले. त्याने आपला तसाच ठेवला. बाराव्या रांगेत, कडेच्या सीटवर, साध्या शर्टात तो बसला होता आणि हात कुठे ठेवावेत हे त्याला सुचत नव्हतं.

युनिफॉर्म बॅगेत होता, घडी घालून. खरं तर हे विमान परत घेऊन जायचं काम त्याचंच. पण सकाळी हॉटेलात तो नाश्त्याला बसला आणि कंपनीच्या डॉक्टरांचा फोन आला.

"सर, साखर एकदम ताब्यात आहे. दोन वर्षं तुम्ही जे पथ्य पाळलंत ना, त्याला तोड नाही," डॉक्टर म्हणाले आणि घुटमळले. "पण डोळ्यांचा पडदा... ते नुकसान जुनं आहे हो, पथ्याच्याही आधीचं. ते काही भरून येत नाही."

"म्हणजे किती महिने घरी बसायचं?"

डॉक्टरांनी महिने सांगितलेच नाहीत. अर्धवट सोललेलं अंडं बशीत तसंच राहिलं. दुपारपर्यंत दुसरा कॅप्टन हजर झाला.

आणि पथ्य तरी कसलं! प्रत्येक फेरीला बायको डबे भरून द्यायची आणि झाकणांवर चिठ्ठ्या चिकटवायची. 'चढण्याआधी.' 'उतरल्यावर.' 'झोप येईना तर.' एका चिमुकल्या डबीवर 'कुणावर ओरडावंसं वाटलं तर', आणि आत मोजून आठ बदाम. हॉटेलात बाकीची मंडळी तळलेल्यावर ताव मारायची आणि हा गडी कोपऱ्यात बसून काकडी चावायचा. भूक घरच्या घड्याळाची की इथल्या, असा घोळ झाला की चिठ्ठी सांगेल ते खरं.

विमानात तर त्याहून मजा. कॉकपिटमधल्या दोघांनी एकच जेवण घ्यायचं नाही, असा नियम. एकाच अन्नाने दोघेही आडवे झाले तर विमान उतरवायचं कुणी? पहिली निवड कॅप्टनची. तो दरवेळी उकडलेल्या भाज्यांचा ट्रे घ्यायचा, मग चिकन आपोआप को-पायलटच्या मांडीवर. "सर, तुमच्याबरोबर ड्यूटी लागली की आमची चंगळ," पोरं म्हणायची, आणि तोही हसायचा. जिभेला लगाम घातला तो त्या पुढच्या खुर्चीसाठी. खुर्ची आपल्याला सोडणार नाही, एवढं त्याने गृहीतच धरलं होतं.

दारं बंद व्हायच्या आधी बायकोचा फोन येऊन गेला होता.

"बसलात का? डबा खाल्लात?"

"खाल्ला."

"चिठ्ठी बघून?"

"हो गं."

"आणि रिपोर्ट?"

"घरी आल्यावर बोलू."

"बरं. जपून आणा हो विमान," ती नेहमीसारखं म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

डबा पायाशी होता, भरलेला. घरी ती तो उचलून बघणार, वजनावरूनच ओळखणार आणि मग विचारणार. तिला काय सांगायचं, कोणत्या शब्दांत सांगायचं, ते त्याला उमगत नव्हतं. सव्वीस वर्षं वादळांतून लोकांना सुखरूप उतरवलेल्या माणसाला आपल्या दारातून आत जायची भीती वाटत होती.

शेजारच्या लठ्ठ गृहस्थाने एव्हाना बिस्किटांचा पुडा संपवून चकचकीत कागदातली मिठाई बाहेर काढली होती.

"घ्या ना," तो म्हणाला. "आपलं बरं असतं बघा. खायचं, प्यायचं, मस्त ताणून द्यायची. काळजी करायला पुढे तो पायलट आहेच की!"

कॅप्टनने मान हलवली. हो म्हणून की नको म्हणून, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

ढकलगाडी बाराव्या रांगेशी येऊन थांबली. गाडीमागे मोठी ताई होती, सगळा क्रू तिला त्याच नावाने हाक मारायचा. अकरा वर्षं ती त्याचा ट्रे कॉकपिटमध्ये आणून देत आली होती. आज तिने त्याच्याकडे बघायचं टाळलं.

"भाज्या की चिकन?"

"मला भाज्या," कॅप्टन म्हणाला आणि शेजारी बोट केलं. "याला चिकन."

"अहो, मलापण भाज्याच द्या," गृहस्थ पोटावरून हात फिरवत म्हणाला. "सकाळपासून अरबट-चरबट चाललंय."

"नाही. दोघांनी एकच घ्यायचं नाही." कॅप्टनचा आवाज एकदम चढला. "मी भाज्या सांगितल्यात ना? मग तुम्हाला चिकन."

मागच्या दोन रांगांनी माना वर केल्या. गृहस्थ मिठाईचा तुकडा हातात धरून त्याच्याकडे बघत राहिला.

"का हो?" त्याने विचारलं.

कॅप्टनची नजर पुढे कॉकपिटच्या बंद दाराकडे गेली.

मोठ्या ताईने भाज्यांचे दोन ट्रे काढले. एक गृहस्थापुढे ठेवला. दुसरा कॅप्टनपुढे ठेवताना ती खाली वाकली आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली,

"सर, इथे चालतं. इथे दोघांनी एकच खाल्लं तरी कुणाचं काही अडत नाही."