पाच मिनिटांचं लाल कार्ड

"काल एका दिवसात सात वेळा, सुवर्णाताई." भाग्यश्रीने रजिस्टर पुढे सरकवलं. "सही तुमचीच ना?"

"माझीच हाय," सुवर्णा म्हणाली. "आठव्यांदा जाणार होते, तेवढ्यात शिफ्ट सुटली."

भाग्यश्रीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. अंबडच्या या वायरिंगच्या कारखान्यात ती एचआर ऑफिसर होती, आणि लाल कार्ड ही तिचीच कल्पना. लाइन चालू असताना कोणी जागा सोडायची नाही, सुपरवायझरनेसुद्धा नाही, हा इथला जुना नियम. म्हणून बायका पाणीच पीत नसत. मग जळजळ, ताप, रजा. भाग्यश्रीने मोठ्या साहेबांशी भांडून वाट काढली. बाईने लाल कार्ड वर केलं की काम पाच मिनिटं बंद, कारण विचारायचं नाही. पुरुषांना काय, जेवणाची सुट्टी होतीच.

सहा महिन्यांत बायकांच्या रजा निम्म्यावर आल्या. आणि आता ही बया सगळ्यावर बोळा फिरवायला निघाली होती. संध्याकाळपर्यंत हिचा निकाल लावा, नाहीतर कार्डच बंद, असं साहेबांनी सकाळी बजावलं होतं.

शेजारच्या खुर्चीत लाइनचे सुपरवायझर हिरामण नाना बसले होते. रजिस्टरातली प्रत्येक नोंद त्यांच्याच अक्षरात होती. चौकशी सुरू होऊन सव्वा तास झाला, तरी त्यांच्या चहाला हात लागला नव्हता. मघाशी एकदा ते उठू लागले, तर भाग्यश्रीने त्यांना खाली बसवलं. चौकशी संपल्याशिवाय कोणी उठायचं नाही. हाताखालच्या बाईविरुद्ध बोलायचं म्हणजे माणूस अवघडणारच, तिला वाटलं.

"दुसऱ्या सुपरवायझरच्या शिफ्टला ही एकदाही उठत नाही, नाना. तुमच्याच शिफ्टला का?"

नानांनी पायावर पाय टाकला, पुन्हा खाली घेतला. "काय सांगू मॅडम."

"मी सांगते. मऊ लागलं की कोपराने खणायचं." ती सुवर्णाकडे वळली. "कार्ड नव्हतं तेव्हा तुम्ही गरोदर होतात. नाना स्वतः तुमच्या जागेवर उभे राहून तुम्हाला सोडायचे, बायका सांगतात मला. त्याची ही परतफेड?"

"व्हय," सुवर्णा म्हणाली.

निर्लज्जपणाची कमाल होती. तरी भाग्यश्रीने आवाज खाली आणला. नऊ वर्षं कंत्राटावर काढल्यावर सुवर्णाचं कायम होण्याचं पत्र आलं होतं, ते याच टेबलावर पडलं होतं. देवळाली कॅम्पहून पहाटे निघणारी बाई, नवरा नाही, पदरात दोन लेकरं.

"डॉक्टरचा कागद आणा. त्रास असेल तर कंपनी सांभाळून घेते. गेल्या वर्षी दोघांना शुगर निघाली, त्यांनाही घेतलंच ना?"

"हार घालून घरी बसवलं त्यांना."

"तब्येतीसाठीच बसवलं."

नानांनी रुमालाने घाम पुसला. "मॅडम, यात चूक माझी..."

"नाना, तुमी गप बसा," सुवर्णा कडाडली. मग भाग्यश्रीला म्हणाली, "मला काय बी झालेलं नाय. ठणठणीत हाय मी."

"मग कार्डाचा गैरवापर केला असं लिहून द्या. माफी मागा आणि पत्र घेऊन जा."

"गैरवापर नाय केला."

"अहो, हट्टापायी कार्ड बंद झालं तर बाकीच्या बायका शिव्या घालतील तुम्हाला."

"नाय घालणार."

सुवर्णाने नानांकडे पाहिलं. नानांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते आणि डोळे मिटले होते. तिने एप्रनच्या खिशातून लाल कार्ड काढलं आणि भाग्यश्रीच्या तोंडासमोर धरलं.

"हे काय?"

"पाच मिनिटं काम बंद."

"ही लाइन नाही, चौकशी चाललीय."

"बाईनं कार्ड वर केलं की काम बंद. कुठलं काम, ते तुमी लिवलेलं नाय."

"आत्ता या दारातून बाहेर गेलात तर हे पत्र मी फाडेन."

"फाडा," सुवर्णा म्हणाली आणि निघून गेली.

भाग्यश्रीने खरंच फाडलं. मान वर केली तर खोली रिकामी होती. नाना तिला समजवायला गेले असणार, अजूनही. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं पुटपुटत भाग्यश्री उठली. आज हिला रंगेहाथ धरायचंच.

पॅसेजच्या टोकाला बायकांच्या टॉयलेटचं दार होतं. त्याला बाहेरून कडी लावलेली होती. सुवर्णा चार पावलं अलीकडे, पुरुषांच्या टॉयलेटच्या दाराकडे पाठ करून, कमरेवर हात ठेवून उभी होती.

"म्हणजे तुम्ही आत गेलाच नाहीत." भाग्यश्रीचा आवाज चढला. "रोज अशाच इथे उभ्या राहता?"

"रोज," सुवर्णा म्हणाली. "जरा हळू बोला, मॅडम. आत नाना हायेत."