ओस्मोचं वाचन

तळ्याकाठच्या रुग्णालयाचा मुख्य संगणक मेमरी अपुरी पडल्यामुळे सारखी डिस्कवर उचलठेव करत होता. डॉक्टरांना रुग्णांची माहितीच उघडेना. तिथले संगणक सांभाळणाऱ्या हिल्कानं शोध घेतला तेव्हा मेमरी खाणारं एक बेवारस व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आतच चालणारा दुसरा आभासी संगणक, सापडलं. तिचा सहकारी ओस्मो महिन्यापूर्वी वारला होता. त्यानंच ते गुपचूप सुरू केलेलं. रोज सकाळी ते त्याच्या अंध आईला त्याच्याच आवाजात वर्तमानपत्र वाचून दाखवायचं. हिल्कानं म्हातारीला फोन केला. “मावशी, ते बंद करावं लागतंय. दुसरीकडे हलवते मी.” “नको गं पोरी. मेल्यावर तरी त्याला सुट्टी मिळू दे.” फोनवर म्हातारीच्या मागे ओस्मोचा आवाज बातम्या वाचत होता. हिल्कानं डोळे मिटून कळ दाबली. तो अर्ध्या वाक्यात थांबला.  म्हातारी हळूच म्हणाली, “हवामानाचं राहिलंच बघ. उद्या बर्फ पडणार का गं?”