घाटापलीकडचा विमानतळ

विमानाचं दार बंद झालं होतं आणि विमान जागचं हलत नव्हतं. पलीकडच्या विमानतळावर धुकं आहे, असं सांगण्यात आलं.

शेजारी बसलेला औषध कंपनीचा विक्रेता वैतागला. "वीस मिनिटांचं उड्डाण. पायी निघालो असतो, तर एव्हाना घाट उतरून चहा प्यायलो असतो."

ती हसली नाही. हिशेब तिनेही केला होता. दोन शहरांत सरळ रेषेत जेमतेम ऐंशी किलोमीटर. घाटातून गाडीला तीन तास. पण त्या रस्त्यावरच्या निम्म्या भाड्याच्या गाड्या तिच्या नवऱ्याच्या होत्या, आणि चालक तिला ओळखत. म्हणून विमान. तिकडून दुपारी दुसरं, लांब पल्ल्याचं. आणि त्या टोकाला प्रयोगशाळेतली नोकरी. नवरा नव्या गाड्या बघायला परगावी गेला होता. असा दिवस पुन्हा मिळाला नसता.

दाताच्या डॉक्टरांकडे जाते, असं तिने सासूबाईंना सांगितलं होतं. त्यांनी काही न विचारता फाटकाचं कुलूप काढलं होतं.

फोन थरथरला. नवऱ्याचा निरोप होता. दवाखान्यात चौकशी केली. आपल्याकडून दिवसाला एकच विमान सुटतं, हे मलाही कळतं. आई गाडी घेऊन निघाली आहे. उतरलीस की मुकाट्याने तिच्याबरोबर परत ये.

मागे ती माहेरी निघून गेली, तेव्हाही न्यायला सासूबाईच आल्या होत्या. वाटभर त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

तिने हवाई सुंदरीला बोलावून खाली उतरता येईल का, असं विचारलं. आता कोणालाच उतरता येणार नाही, असं हवाई सुंदरीने नम्रपणे सांगितलं आणि पट्टा बांधायला लावला. खिडकीबाहेर धावपट्टी रिकामी पडली होती. तिकडे गाडी घाट चढत असणार.

अखेर तीन तासांनी विमान उडालं. वर चढलं न चढलं तोच उतरू लागलं. खाली घाटाची वळणं दिसली. तिने डोळे मिटून घेतले.

बाहेर पडण्याच्या दाराशी सासूबाई उभ्या होत्या, मागे चालक. त्यांनी पुढे होऊन तिचं मनगट धरलं.

"काढलास का दात?"

चालकाने हसू दाबलं. गाडी दारापाशी आण, असं त्याला सांगून त्या थांबल्या. तो दिसेनासा झाला तरी पकड सैल झाली नाही.

"आई, मी परत येणार नाही."

"हळू बोल. मी घेऊन येते म्हटलं, म्हणून तुझा नवरा गप्प बसलाय. संध्याकाळपर्यंत बसेल." सासूबाईंनी एकदा मागे वळून पाहिलं. "तुझ्या पुढच्या विमानात आणखी एक जागा मिळेल का, बघ."